परतीची ओळ

पत्र अप्पांनीच लिहायचं, यावर घरात दुमत नव्हतं. गेल्या दोन महिन्यांत ज्यावर दुमत झालं नाही अशी ही एकच गोष्ट. निदान तेवढ्या बाबतीत तरी आपण सुटलो, असं अप्पांच्या थोरलीला वाटत होतं.

अप्पांची सगळी नोकरी मोजणी खात्यात नकाशे काढण्यात गेली होती. शेताची हद्द, विहीर, पायवाट आणि त्यावर बारीक, एकसारख्या अक्षरात नावं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी घरातलं महत्त्वाचं काहीही त्यांच्याच हातून कागदावर उतरायचं. वीज कंपनीला तक्रार, थोरलीच्या नोकरीचा अर्ज, धाकट्या बाळ्याच्या लग्नाची पत्रिका. बाळ्या आणि त्याची बायको वेगळे झाले तेव्हा सामानाच्या वाटणीचा कागदही त्यांनीच लिहिला होता. तोही इतका देखणा की सूनबाई रडता रडता म्हणाली होती, "अप्पा, हा फ्रेम करून लावावा."

सगळे अजून तिला सूनबाईच म्हणत. वर्ष उलटलं होतं, पण दुसरं नाव कुणाच्या तोंडी बसेना.

आता हे पत्र. बाळ्याने, म्हणजे भिंगरीच्या बापाने, लिहून द्यायचं होतं की माझ्या मुलीला तिच्या आईबरोबर देशाबाहेर जायला माझी हरकत नाही. सूनबाई कृत्रिम पाय बसवण्याच्या दवाखान्यात कामाला होती. परदेशातल्या एका मोठ्या दवाखान्याने तिला चार महिन्यांसाठी बोलावलं होतं, नव्या धर्तीचे गुडघे कसे बसवायचे ते शिकायला. भिंगरीला ती बरोबर नेणार होती. आईबापांपैकी एकानेच मुलाला घेऊन सीमा ओलांडायची तर दुसऱ्याचं संमतिपत्र लागतं, नोटरीचा शिक्का मारलेलं. ते नसलं तर विमानतळावरच्या खिडकीतून पोर मागे फिरणार. विमान मंगळवारचं होतं, आज शनिवार, आणि नोटरीबाई शनिवारी दुपारपर्यंतच बसत.

थोरलीने पत्र खिडकीशी नेऊन तपासलं. दुकानांतले वजनकाटे तपासायचे आणि खरे निघाले तर त्यांना सील ठोकायचं, हे तिचं रोजचं काम. आकडा दिसला की तिचे डोळे आपोआप बारीक व्हायचे. पासपोर्टचा नंबर, भिंगरीची जन्मतारीख, तिकडचा पत्ता, सगळं तिने एकेका अंकावर बोट ठेवून जुळवलं.

"झालं का, काटेवाल्या बाई?" अप्पा म्हणाले. "एखादा ग्रॅम कमी भरतोय का?"

"तुमचा सात जरा एकासारखा दिसतो."

"सात सातच आहे. बघणाऱ्याला दृष्टी पाहिजे."

"खिडकीवरच्या माणसाला दृष्टी असेलच असं नाही, अप्पा."

"मग त्याला तिथं बसवलाय कशाला?"

भिंगरी आतून गिरकी घेतच आली. नऊ वर्षांची झाली तरी एका जागी उभं राहणं तिला जमत नसे, म्हणून तर हे नाव. तिने आत्याच्या हाताखालून मान घालून कागद पाहिला.

"आजोबा, यात माझं नाव किती वेळा आलंय?"

"तीनदा."

"आणि बाबांचं?"

"दोनदा. आईचंही दोनदाच."

"म्हणजे मी जिंकले," ती म्हणाली आणि चपला शोधू लागली. "मी खालच्या मजल्यावर खेळायला जाते."

"जा," अप्पा म्हणाले.

या घरात कुणी 'येते' म्हणत नसे. बाकी जगात माणूस दाराबाहेर पडताना 'येतो' म्हणतो, नाक्यावर ब्रेड आणायला निघाला तरी. 'जातो' म्हणणं अशुभ. इथे नेमकं उलटं. सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच सकाळी सासरे चपला घालता घालता "जातो" म्हणाले, आणि तिच्या हातातलं भांडं पडता पडता राहिलं. मग थोरलीने तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. अप्पा लहान असताना त्यांची आई तान्ह्या बेबीला, म्हणजे अप्पांच्या बहिणीला, कडेवर घेऊन सीमेपलीकडे माहेरी गेली. आठ दिवसांसाठी. दारात वळून "येते" म्हणाली. ती आली नाही, बेबीही आली नाही. वर्षभर पत्रं आली, मग तीही थांबली. तेव्हापासून अप्पांच्या वडिलांनी त्या शब्दाला घरात बंदी केली. ज्याला जायचंय त्याने जातो म्हणावं आणि जावं. यायचं ते आल्यावर बघू. भिंगरी आता दोन्ही घरांची भाषा बोलायची. आईच्या घरी येते, आजोबांच्या घरी जाते.

सूनबाई आली ती फाइल छातीशी धरून. अप्पांना नमस्कार केला आणि सरळ स्वयंपाकघरात थोरलीच्या मागोमाग गेली.

"तो सही करेल ना, ताई?"

"करेल. मी बोललेय त्याच्याशी."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, बघतो."

"बघतो?"

"त्याचं 'बघतो' म्हणजे हो. नाही म्हणायचं असलं की तो विषय बदलतो."

"शेवटचे सहा महिने आम्ही नुसते विषयच बदलत होतो," सूनबाई म्हणाली. दोघी हसल्या, आणि हसू लगेच ओसरलं. त्या दोघांचं कधी कडाक्याचं भांडण झालं नाही, हेच थोरलीला जास्त लागलं होतं. भांडण असतं तर मध्ये पडून मिटवता आलं असतं. आता निदान या कामात तरी मध्ये पडता येतंय, म्हणून तिने सूनबाईला शब्द दिला होता. सही माझ्यावर सोड. भिंगरी शनिवारी रात्री आत्याकडे झोपायला यायची. चार महिने आपल्या शनिवारांचं काय, हा विचार मनात आला की थोरली त्याला दाराबाहेरच उभा ठेवायची.

बाळ्या उशिरा आला. शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करायचा तो. उन्हाळा असो की काही, अंगावर जाड जाकीट आणि हाताला तेलाचा वास. चाळिशी आली, कानामागे केस पिकले, तरी घरात बाळ्याच.

"चला," तो म्हणाला. पत्राकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वाच तरी आधी," थोरली म्हणाली.

"अप्पांनी लिहिलंय, तू तपासलंयस. मी वाचून आणखी काय दिवे लावणार?"

गाडी थोरलीने चालवली. अप्पा पुढे, ते दोघं मागे, मधे फाइल. गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग बाळ्या खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तिकडे थंडी किती असते?"

"बर्फ पडतो."

"माझे कामाचे हातमोजे ने. उण्या वीसला चालतात."

"तिच्या कोपरापर्यंत येतील ते."

"मग येऊ देत की," बाळ्या म्हणाला. आरशात थोरलीला दिसलं, सूनबाई त्याच्याकडे बघत होती. बऱ्याच दिवसांनी अशी.

नोटरीबाईंची खोली रंगाच्या दुकानावर होती. जिन्यात टर्पेंटाइनचा वास. आत एक मोठं टेबल, भिंतीला लागून बाक, आणि टेबलामागे गळ्याला मफलर गुंडाळलेल्या नोटरीबाई. त्यांना सर्दी झाली होती, पण त्यामुळे आवाज काही लहान झाला नव्हता.

"कागद द्या. ओळखपत्रं द्या. मी मोठ्यानं वाचते, सगळ्यांनी ऐकायचं. मनात वाचलं की माणसं मनाला येईल ते ऐकतात." त्यांनी चष्मा चढवला. "अक्षर कुणाचं हे?"

"माझं," अप्पा म्हणाले.

"छान आहे. आता छापतातच सगळे." आणि त्या वाचू लागल्या. नावं, नंबर, पत्ते. मग, "माझी मुलगी तिच्या आईबरोबर परदेशी जात आहे. तिच्या जाण्याला, तिथे राहण्याला आणि तिथल्या शाळेत शिकण्याला माझी संमती आहे. तिची सर्व काळजी तिची आई घेईल, याची मला पूर्ण खात्री आहे."

त्यांनी कागद उलटून पाहिला.

"पुढे?"

"पुढे सही," अप्पा म्हणाले.

"सही कळली. मुलगी परत कधी येणार?"

सूनबाईने अप्पांकडे पाहिलं.

"जाणार आहे, राहणार आहे, शिकणार आहे," नोटरीबाई बोटांवर मोजत म्हणाल्या. "येणार कधी? तारीख नाही, परतीचा शब्दही नाही. हे असंच गेलं तर खिडकीवरचा माणूस म्हणेल, बापाने मुलगी देऊनच टाकली."

थोरलीच्या कानशिलांत गरम झालं. चार वेळा वाचलं होतं तिने ते पत्र. सातच्या शेपटीवरून अप्पांशी वाद घातला होता. ज्या घरात परतीचं कधी बोललंच जात नाही, तिथे ते लिहायचं राहिलंय हे दिसणार कुणाला?

बाळ्याने पेनाचं टोपण काढलेलं होतं. ते त्याने सावकाश परत लावलं.

"मला जरा बाहेर जायचंय," तो म्हणाला.

"जाऊन या," नोटरीबाई म्हणाल्या. "पण मी एक वाजता कुलूप लावते."

तो जिन्याच्या वळणावर उभा होता, कठड्याला टेकून. ते तिघं पाठोपाठ बाहेर आले तसा तो वळला.

"तुम्हा तिघांना ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?" थोरली म्हणाली.

"एकाने लिहिलं, एकीने तपासलं, एकीने फाइलमध्ये घातलं. आणि मी गाढव, हातमोजे देतोय."

"बाळ्या, मी आकडे तपासले. माझी चूक झाली. त्यात डाव नाही."

"तू दुकानदाराला अर्ध्या ग्रॅमसाठी दंड करतेस, ताई. आणि तुला एवढं दिसलं नाही?"

सूनबाई पुढे झाली.

"तारीख मी दिली होती. परतीच्या तिकिटाची प्रत अप्पांच्या हातात दिली होती, बुधवारीच. विचार त्यांना."

सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा पायरीवर बसले. गुडघ्यावर हात ठेवून, जिन्याच्या जाळीतून खालचा रस्ता बघत.

"दिली होती," ते म्हणाले.

"मग?"

अप्पा रस्ताच बघत राहिले. बाळ्या सूनबाईकडे वळला. "ते जाऊ दे. मला तुझ्याकडून ऐकायचंय. चार महिने म्हणजे चारच का?"

सूनबाईने फाइल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. थोरलीला ते दिसलं. दुकानदार काट्याखाली हळूच काहीतरी सरकवतो तेव्हा त्याचे हात असेच कामात असतात.

"काम आवडलं तर मुदत वाढवू, असं ते म्हणालेत," सूनबाई म्हणाली. "वर्षभराची. मी हो म्हटलेलं नाही."

"नाहीही म्हटलेलं नाहीस."

"नाही."

"हे तू मला सांगितलं नाहीस," थोरली म्हणाली. हे बोलायचं नव्हतं तिला, पण निघून गेलं. "मी तुझ्यासाठी शब्द टाकला. चार महिने, चार महिने म्हणून याच्या मागे लागले. आणि तू स्वयंपाकघरात मला विचारतेस, तो सही करेल ना."

"ताई, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याला सांगितलं असतं."

"सांगितलं असतंच."

"मग?"

"मग काय मग? दोन्हीकडच्यांना खरं सांगायचं नसेल तर मला मध्ये उभं कशाला करायचं?"

आता ती नकळत बाळ्याच्या बाजूला, त्याच्याच पायरीवर जाऊन उभी होती. सूनबाई वरच्या पायरीवर एकटी. तिने थोरलीकडे पाहिलं त्यात राग नव्हता. थकवा होता. बिऱ्हाड डोक्यावर घेऊन चालणाऱ्या माणसाचा असतो तसा.

"मला ते काम हवंय," ती म्हणाली. "पाय गेलेली माणसं येतात माझ्याकडे, आणि मी त्यांना देते तो गुडघा वीस वर्षं जुना आहे. जिना चढताना वाकत नाही. मला ते शिकायचंय. आणि भिंगरीशिवाय चार महिने मी राहू शकत नाही. एवढं खरं आहे. वर्षाचं मला अजून माहीत नाही, म्हणून बोलले नाही. माहीत नसलेलं सांगायचं कसं?"

"माहीत नाही, एवढं तरी सांगायचं," बाळ्या म्हणाला.

खाली दुकानात कुणीतरी रंगाचा डबा यंत्रात घालून घुसळायला लावला. जिना बारीक थरथरू लागला. तो आवाज थांबल्यावर अप्पाच बोलले.

"माझ्या वडिलांची गोष्ट तुम्हाला अर्धीच सांगितली मी."

"अप्पा, आत्ता नको," बाळ्या म्हणाला.

"आत्ताच. मला पुन्हा जिना चढायचाय, तोवर धीर संपेल." त्यांनी घसा साफ केला. "आई गेली, त्याचं त्यांना दुःख होतंच. पण ते त्यावर बोलायचे नाहीत. दरवर्षी एकदा सीमेच्या नाक्यावर जायचे. मला घेऊन. बसने. तिथल्या शिपायाला विचारायचे, 'एक बाई तान्ही पोर घेऊन इथून गेली, तेव्हा तिला कुणी विचारलं का, की पोरीच्या बापाला हे ठाऊक आहे का?' शिपाई बदलत राहिले. हे दरवर्षी तेच विचारायचे. कुणी हसायचा, कुणी पाणी द्यायचा. एक जण म्हणाला, 'काका, आई बरोबर असताना विचारायचं कशाला?' तर वडील म्हणाले, 'मी नाही म्हटलं नसतं. कदाचित हो म्हटलं असतं. पण मला कुणी विचारलंच नाही.'"

थोरली पायरीवर अप्पांच्या शेजारी बसली. ही गोष्ट तिने कधी ऐकली नव्हती. आजोबांचा दरारा तिला आठवत होता. दारात 'येते' म्हटलं म्हणून खाल्लेली थप्पडही आठवत होती. बसमधून नाक्यावर जाणारा माणूस तिला त्यात कधी दिसला नव्हता.

"मला वाटलं होतं, परतीचं लिहावं," अप्पा म्हणाले. "तिकिटाची प्रत समोर ठेवली. 'परत' लिहिलं की हात थांबायचा. तीन कागद फाडले. मग विचार केला, ती ओळ नसलीच तर कुणी खोटं ठरणार नाही. सूनबाई नाही, पोर नाही. माझा विश्वास नव्हता असं नाही गं. विश्वास होता म्हणूनच तो पणाला लावायला भीती वाटली."

"अप्पा," सूनबाई म्हणाली. ती दोन पायऱ्या खाली आली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

"मी त्या कागदाला घाबरलो, बाळ्या. पण नीट बघशील तर तो कागद भीतीचा नाही. तुझ्या आजोबांना आयुष्यभर जे हवं होतं ना, ते आहे ते. तुला विचारतायत. कुणीतरी खिडकीत बसलाय तो नुसता हेच बघायला की तुला विचारलंय का. तू हो म्हण, नाही म्हण. नाही म्हणालास तरी मी तुझ्या बाजूने उभा राहीन. फक्त विषय बदलू नकोस."

बाळ्या कठड्यावरचा जुना रंग नखाने खरवडत राहिला. मोठा तुकडा निघाला, तो त्याने खिशात टाकला, लहानपणी टाकायचा तसा.

"मुदत वाढली तर?" त्याने कठड्यालाच विचारलं.

"तर तुला विचारेन," सूनबाई म्हणाली. "नवं पत्र लागेल. तुझ्या सहीशिवाय तिचं राहणं वाढणारच नाही."

"लागेल ना?"

"लागेल."

"कायद्याने?"

"कायद्याने पण."

त्या 'पण'वर तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला. थोरलीला वाटलं आता काहीतरी बोलावं, आपली बाजू नीट करावी, सूनबाईची माफी मागावी किंवा तिच्याकडून घ्यावी. मग तिने तोंड मिटलं. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघं काट्याकडे बघत असले की तपासनिसाने मध्ये बोलू नये, एवढं तिला कळत होतं.

"मी नाही म्हटलं तर तू जाशील?" बाळ्याने विचारलं.

"नाही."

"एकटी?"

"एकटी पण नाही."

"मग ते गुडघे?"

"वाकणार नाहीत," ती म्हणाली. "आणखी काही वर्षं." आवाज साधा ठेवायचा तिने प्रयत्न केला, तो शेवटी जरा फाटला.

बाळ्याने जाकिटाची चेन वर ओढली, खाली ओढली. "वर चला," तो अप्पांना म्हणाला आणि त्यांच्या बगलेत हात घालून त्यांना उठवलं. "कुलूप लावेल ती."

आत दोन भाऊ गाडी विकल्याचा कागद करून घेत होते आणि हप्त्यावरून एकमेकांना टोमणे मारत होते. ते उठेपर्यंत हे चौघं बाकावर बसले. मग बाळ्या टेबलाशी गेला.

"परतीची तारीख घालायचीय. सगळं पुन्हा लिहावं लागेल का?"

नोटरीबाईंनी कागद बघितला. "सहीच्या वर एक ओळ मोकळी सोडलीय यांनी. तिथं लिहा, शेजारी सही करा, चालेल."

थोरलीने वाकून पाहिलं. खरंच होती. सकाळी तिला ती शोभेची मोकळीक वाटली होती. नकाशावर ज्या तुकड्याची मोजणी व्हायची असते तो अप्पा असाच कोरा सोडत.

बाळ्याने पेन अप्पांपुढे धरलं. अप्पांनी हात मागे घेतले.

"तू लिही."

"माझं अक्षर? एवढ्या सुंदर पत्रात?"

"तुझीच पोरगी आहे."

बाळ्या खुर्ची पुढे ओढून बसला. सूनबाईने तिकीट त्याच्यासमोर ठेवलं. तो लिहू लागला, जीभ दाताखाली धरून. त्याची अक्षरं म्हणजे कोंबडीने चिखलातून चालावं तशी. अप्पांच्या सरळ ओळींखाली ती एक ओळ उतरणीला लागली, आणि एका ओळीत मावेना म्हणून समासात वर चढली. तो मागे झाला तसा नोटरीबाईंनी कागद घेतला आणि मोठ्याने वाचला.

"माझी मुलगी सोबतच्या तिकिटाच्या तारखेला परत येईल. मुदत वाढवायची झाल्यास मला आधी विचारावं." त्या थांबल्या. "तारीख आकड्यात घाला. आणि मुदतीचा मु ऱ्हस्व."

"मू राहू द्या," अप्पा म्हणाले. "त्याचा आहे."

बाळ्याने तारीख घातली. थोरलीने तिकिटावरून अंक जुळवले आणि मान हलवली. नोटरीबाईंनी शिक्क्याची डबी उघडली, आणि मग, हे त्यांना रोज कितीतरी वेळा विचारावं लागत असणार, मफलर सारखा करत म्हणाल्या, "स्वखुशीने सही करताय ना?"

बाळ्याने पेन टेकवलेलं होतं, ते उचललं.

"खुशीने नाही," तो म्हणाला.

सूनबाईने बाकाची कड घट्ट धरली.

"म्हणजे?" नोटरीबाई म्हणाल्या.

"खुशी नाहीये. पण स्वतः करतोय. कुणी हात धरलेला नाही. मला विचारलं, मी हो म्हणतोय."

नोटरीबाईंनी चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "शिक्क्यात 'स्वखुशीने' कोरलेलं आहे. तो काही मला बदलता यायचा नाही."

"नका बदलू. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "सहसा कुणी ऐकतच नाही प्रश्न. करा सही."

त्याने दोन ठिकाणी सही केली. साक्षीदार म्हणून थोरलीने केली. शिक्का बसला, त्यावर फुंकर घालून नोटरीबाईंनी पत्र सूनबाईकडे दिलं. तिने ते फाइलमध्ये घातलं नाही. शाई वाळायची होती म्हणून असेल, दोन्ही तळहातांवर आडवं धरून जिना उतरली. तिच्या पुढे एक पायरी बाळ्या, मागे बघत बघत, ती अडखळली तर धरायला.

खाली आल्यावर थोरली अप्पांना गाडीत बसवत होती. सूनबाई तिच्या जवळ आली. "ताई, तुम्हाला सांगायला हवं होतं."

"हो, हवं होतं," थोरली म्हणाली. आणि मग तिच्या कपाळावरची बट मागे सारली. "आता तो कागद आत ठेव, वारा आहे."

फुटपाथवर बाळ्या गाडीच्या दाराला हात लावून उभा होता, आत न बसता.

"मंगळवारी," तो सूनबाईला म्हणाला, "विमानतळावर मी येऊ का सोडायला?"

"विचारतोस काय," ती सवयीने म्हणाली. मग थांबली. त्याच्याकडे वळून, जणू पहिलं उत्तर दिलंच नव्हतं, म्हणाली, "हो. ये. बरं झालं विचारलंस."